उसागी गरीब नव्हती, आणि ते ट्रान्सफॉर्मेशन श्रीमंतीचं नव्हतंच

सेलर मून या नव्वदच्या दशकातल्या जपानी कार्टून मालिकेचा, म्हणजे अ‍ॅनिमेचा, विषय निघाला की कोणीतरी एक थिअरी हमखास पुढे करतं. मी ती इतक्या वेळा ऐकलीये की आता पाठ झालीये. थिअरी अशी: सेलर मून म्हणजे जपानी सिंड्रेला. गरीब घरातली, अभ्यासात ढ मुलगी ब्रोच हातात घेते, ओरडते, तिच्या अंगावर दागिने, मेकअप, मुकुट सगळं येतं, म्हणजे ट्रान्सफॉर्मेशन म्हणजे क्लास बदलणं. मग तिला श्रीमंत हिरो मिळतो, आणि शेवटी कळतं की बाई मुळातच चंद्रावरची राजकन्या होती, म्हणजे सिरीजचा मेसेज काय तर रक्त महत्त्वाचं, बाकी सगळे शिपाई.

ऐकायला भारी वाटतं, मान्य. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मीपण मान डोलावली होती. पण नंतर हॉस्टेलमध्ये असताना जुना अ‍ॅनिमे पहिल्यापासून परत बघितला, सबटायटल लावून, दोनशेच्या दोनशे एपिसोड (हो, परीक्षेच्या काळातच, विचारू नका), आणि मग लक्षात आलं की या थिअरीतलं जवळपास प्रत्येक वाक्य एकतर चुकीचं आहे किंवा अर्धं आहे. एक मुद्दा मात्र खरा आहे, तो शेवटी घेते.

त्याआधी एक छोटीशी गोष्ट. ही थिअरी स्वतःशीच भांडते. सिंड्रेला असेल तर ती खालून वर गेली, आणि जन्मानेच राजकन्या असेल तर ती वर गेलीच नाही, आधीपासून वरच होती. दोन्ही एकदम कसं चालेल? आणि सिंड्रेला तरी कुठे गरीब होती, ती चांगल्या खात्यापित्या घरातलीच पोरगी, सावत्र आईने चुलीपाशी बसवलेली. असो.

आता "गरीब घरातली". हे कुठून आलं मला खरंच कळत नाही. उसागी त्सुकिनोचे, म्हणजे सेलर मून होणाऱ्या मुलीचे, बाबा केंजी मासिकात काम करतात, आई इकुको घर सांभाळते, धाकटा भाऊ शिंगो, दुमजली स्वतंत्र घर, वरच्या मजल्यावर उसागीची स्वतःची खोली. १४ वर्षांची आहे, जवळच्या सरकारी शाळेत जाते. पहिल्याच एपिसोडमध्ये इंग्लिशच्या पेपरात ३० मार्क पडतात आणि आई तिला घराबाहेर काढते. ती रडते ती पैसे नाहीत म्हणून नाही, मार्क नाहीत म्हणून. पॉकेटमनी संपलाय कारण तो गेमिंग पार्लरमध्ये घातलाय. याला गरिबी म्हणत नाहीत, याला आमच्याकडे लाडावलेली म्हणतात. ठाण्या-पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीत अशा चार तरी सापडतील.

गंमत म्हणजे याच्या बरोब्बर उलटी थिअरीसुद्धा फिरते, की उसागी प्रचंड श्रीमंत आहे, कारण तिचं घर अझाबू-जुबानमध्ये आहे, आणि तो टोकियोच्या मिनातो वॉर्डातला महागडा एरिया. आता हे थोडं नीट बघायला हवं, कारण इथे लोक आजचं टोकियो घेऊन १९९२ मध्ये जातात. अझाबूच्या वरच्या उताराला एम्बसी, बंगले, परदेशी लोक, हे खरं. पण जुबान म्हणजे खालची बाजू, जुनी दुकानांची गल्ली, मिठाईवाले, सोबावाले, सार्वजनिक न्हाणीघर. आणि तेव्हा तिथे ट्रेन जात नव्हती. अझाबू-जुबान स्टेशन सुरू झालं २००० मध्ये, नाम्बोकू आणि ओएदो या दोन लाइन आल्यावर. म्हणजे मूळ मांगा (जपानी कॉमिक) सुरू झाला तेव्हा शहराच्या मधोमध असूनही तिथे बसने नाहीतर चालत जावं लागायचं. एखाद्या एरियात मेट्रो यायच्या आधीचे आणि नंतरचे भाव काय असतात ते पुण्यातल्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही.

तरीपण एका पगारात तिथे दुमजली घर म्हणजे जरा जास्तच, तेही जपानी अर्थव्यवस्थेचा बबल फुटल्यावर लगेचच्या काळात, हे मी मान्य करते. पण मग आपल्या मालिकांमधला कारकुनसुद्धा हॉलमध्ये गोल जिना असलेल्या बंगल्यात राहतो. पडद्यावरचं घर बघून पगार काढायचा नसतो. पात्रं पैशाबद्दल कशी बोलतात ते बघायचं, आणि उसागीच्या घरात पैशाबद्दल जे बोलणं होतं ते शंभर टक्के मिडल क्लास आहे.

आणि ओळखीत श्रीमंत कोण आहे ते बघा ना. नारू ओसाका, उसागीची वर्गातली मैत्रीण, तिच्या आईचं दागिन्यांचं दुकान आहे. पहिला एपिसोड तिथेच घडतो. उसागी दागिने नुसते बघते आणि ३० मार्कांमुळे घरी काही मागायची सोय नाही म्हणून चडफडते. ज्या मुलीच्या घरात खरोखर हिरे आहेत तिला काहीच शक्ती मिळत नाही, आणि जिने नुसतं बघितलं तिला ब्रोच मिळतो, तोही ल्युना नावाच्या बोलक्या मांजरीकडून, जिला तिने मुलांच्या तावडीतून सोडवलेलं असतं. थिअरीवाल्यांना इथे "बघा, दागिना मिळाला" असं म्हणायचं असेल तर म्हणा, पण त्याच एपिसोडमध्ये खरे दागिने काय करतायत ते पण बघा. दुकानात भन्नाट सेल लागलाय, बायका तुटून पडल्यात, आणि नारूच्या आईच्या रूपात बसलेली राक्षसीण त्या स्वस्त दागिन्यांतून त्यांची ताकद शोषून घेतेय.

हा योगायोग नाही. पहिल्या सीझनचे सुरुवातीचे एपिसोड ओळीने आठवा. दागिन्यांचं दुकान, भविष्य सांगणारा, प्रेमपत्रं वाचणारा रेडिओ प्रोग्राम, बारीक करणारी जिम, टॅलेंट शो, हुशार मुलांचा क्लास, घड्याळाचं दुकान, पुढे अ‍ॅम्युझमेंट पार्क आणि क्रूझसुद्धा. प्रत्येक वेळी शत्रू काय विकतो? सुंदर व्हा, बारीक व्हा, फेमस व्हा, पहिला नंबर काढा. म्हणजे वर चढायचं स्वप्न विकणं हा शत्रूचा धंदा आहे! आणि हीच सिरीज ट्रान्सफॉर्मेशनमधून तेच स्वप्न विकते असं म्हणणाऱ्याने हे सात-आठ एपिसोड फॉरवर्ड करून बघितलेले असणार.

आता मुख्य भांडण, ट्रान्सफॉर्मेशन. इथे मी जरा लांबण लावणार आहे.

"दागिने, मेकअप, मुकुट, म्हणजे वरचा क्लास." बरं. तिच्या अंगावर शेवटी काय उरतं? नखांना रंग लागतो, ओठांना लागतो, रिबिनी गुंडाळल्या जातात, लाल बूट येतात, आणि कपडे कुठले तर सेलर फुकू. शाळेचा गणवेश. रोज सकाळी ती जो घालून, तोंडात ब्रेड कोंबून, उशीर झाला उशीर झाला करत धावते त्याचीच जादूची आवृत्ती. नावातच आहे की, सेलर, म्हणजे खलाशी. सेलर मून म्हणजे शब्दशः चंद्राची खलाशीण. राजकन्या म्हणायचं असतं तर मांगाची लेखिका ताकेउची हिला प्रिन्सेस शब्द माहीत नव्हता का?

या कॉलरचा इतिहासच मजेशीर आहे. ती चौकोनी मोठी कॉलर ब्रिटिश नौदलातल्या साध्या खलाशांची, ऑफिसरची नाही, ऑफिसरचा कोट वेगळा. मग १८४६ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या छोट्या मुलाला हौसेने खलाशाचा ड्रेस शिवला, त्याचं पेंटिंग झालं, आणि युरोपभर श्रीमंत घरच्या पोरांना तो घालायची फॅशन आली. जपानमध्ये १९२०-२१ च्या सुमारास क्योतो, फुकुओका वगैरेंच्या मिशनरी मुलींच्या शाळांनी तो गणवेश म्हणून घेतला, आणि तिथून तो पसरत पसरत गल्लीतल्या सरकारी शाळेपर्यंत आला. म्हणजे खलाशी ते राजपुत्र ते मिशनरी शाळा ते उसागी. या कपड्याला कुठल्या एका क्लासचा म्हणणं अवघड आहे, पण १९९२ च्या जपानी मुलीसाठी तो काय होता हे सोपं आहे: जो सगळ्याजणी घालतात तो.

आणि हे सगळ्यात स्पष्ट कुठे दिसतं तर उसागीच्या टीममधल्या बाकी चार मुलींमध्ये. त्यातल्या तिघी घ्या. रेई खाजगी कॅथलिक मुलींच्या शाळेत जाते, तिचा युनिफॉर्म वेगळा, राखाडी. मांगामध्ये तिचे वडील राजकारणी आहेत, पण ती राहते आजोबांकडे, देवळात. अमीची आई डॉक्टर, आईवडील वेगळे झालेले, मोठा फ्लॅट, क्लासला टॉपर. आणि माकोतो, जी माझी सगळ्यात आवडती (आता बायस्ड म्हणा), तिचे आईवडील विमान अपघातात गेले, ती एकटी राहते, स्वतः स्वयंपाक करते, आणि नव्या शाळेत येते तेव्हा जुन्याच शाळेचा युनिफॉर्म घालून येते कारण तिच्या उंचीच्या मापाचा मिळत नाही. लांब तपकिरी स्कर्ट, वर अफवा की मारामाऱ्या केल्या म्हणून आधीच्या शाळेतून काढली. शाळेत सगळे तिच्यापासून चार हात लांब. कपड्यावरून माणूस ओळखणं म्हणजे काय ते या एका पोरीवरून सिरीजने दाखवलंय. शाळेच्या गणवेशात अख्ख्या वर्गात वेगळा दिसणं काय असतं हे ज्याने मोठ्या भावंडाचा उतरवलेला शर्ट घालून दहावी केलीये त्याला सांगायला नको.

मग ती ट्रान्सफॉर्म होते. आणि पहिल्यांदा तिच्या अंगावर तिच्या मापाचा, बाकीच्यांसारखाच युनिफॉर्म येतो. रंग हिरवा, बस एवढाच फरक. राजकारण्याची मुलगी लाल, डॉक्टरची मुलगी निळी, अनाथ मुलगी हिरवी, शिलाई सगळ्यांची एक. ट्रान्सफॉर्मेशन क्लास वाढवत नाही हो, पुसतं!

यावर मला नेहमी ऐकवतात की मग टियारा? तर टियाराचं ती काय करते तेवढं आठवा. काढते आणि फेकते. मून टियारा अ‍ॅक्शन! सीझनभर तो मुकुट डोक्यावर कमी आणि चक्रासारखा फिरत हवेत जास्त असतो.

पण थिअरीवाल्यांनी एक वस्तू पूर्ण विसरलीये आणि त्याच वस्तूने त्यांची थिअरी पडते, ती म्हणजे ल्युना पेन. ब्रोचशिवाय उसागीकडे वेष बदलायचा एक पेन आहे, त्याला सांगायचं मला अमुक बनव की ती तशी दिसायला लागते. एअर होस्टेस, फोटोग्राफर, काहीही. २२ व्या एपिसोडमध्ये एम्बसीत एका राजकन्येचा बॉल आहे, तिथे उसागीला शिरायचंय, तर ती याच पेनला सांगून गाऊनवाली सुंदर राजकन्या होते. हे घ्या, हे तुमचं क्लास बदलणारं ट्रान्सफॉर्मेशन! सिंड्रेलासुद्धा इथेच आहे, बॉल, गाऊन, मास्कवाला हिरो, नाच. आणि सिरीजने ते मुद्दाम वेगळ्या वस्तूला दिलंय. पेनने मिळतो तो वरच्या लोकांत मिसळायचा वेष, त्याने लढता येत नाही. लढायचं तर ब्रोच, म्हणजे परत गणवेश. पहिल्या सीझननंतर तर तो पेन जवळपास गायबच होतो. ज्याने दोन वस्तूंमधला हा फरक बघितला नाही त्याने ट्रान्सफॉर्मेशनवर थिअरी मांडू नये, एवढंच माझं नम्र मत, म्हणजे तितकंसं नम्र नाही.

जाता जाता, या जातीच्या अ‍ॅनिमेत दोन घराणी आधीपासून होती. एक सॅलीचं, १९६६ चं, सेलर मून करणाऱ्या तोएई स्टुडिओनेच केलेलं, त्यात जादूच्या राज्याची राजकन्या माणसांत येऊन साध्या मुलीसारखी राहते. दुसरं अक्को-चानचं, १९६९, त्यात मुलगी अगदी साधी, तिचा आवडता आरसा फुटतो, ती कचऱ्यात न टाकता तो नीट पुरते, म्हणून तिला जादूचा आरसा मिळतो आणि ती पाहिजे ते रूप घेते. एकात रक्त, एकात वागणूक. उसागीमध्ये ताकेउचीने ही दोन्ही घराणी एकत्र केली, त्यात आणखी पाच रंगांची टीम घातली जी सरळसरळ सुपर सेंताईसारखी (रंगीत सूट घालून लढणाऱ्या टीमच्या जपानी मालिकांसारखी) आहे. त्यामुळे फक्त रक्ताचा धागा ओढून "ही सिरीज हीच" म्हणणं म्हणजे भेळेतला कांदा काढून दाखवून "ही कांद्याची डिश" म्हणण्यासारखं आहे.

आणि ते झगमगीत ट्रान्सफॉर्मेशन, ज्यात लोकांना एवढी श्रीमंती दिसते, ते प्रॉडक्शनच्या दृष्टीने काय आहे? काटकसर. दर आठवड्याला नवा एपिसोड द्यायचा असतो, तेव्हा एकदा जीव ओतून सुंदर काढायचं आणि मग दर एपिसोडला तेच वापरायचं, याला तिथे बँक म्हणतात. ठेवलेल्या पैशांवर दर आठवड्याला व्याज खाल्ल्यासारखं. बाकी एपिसोडमध्ये चेहरे वाकडे येतात, हात सहा बोटांचा वाटतो, पण ट्रान्सफॉर्मेशन कायम चकाचक, कारण ते एकदाच काढलेलं आहे.

हां, पुढच्या सीझनमध्ये ड्रेस जास्त जास्त नटत गेला हे खरं, ब्रोच दरवर्षी नवा, शेवटी पंखसुद्धा आले. पण त्याचं कारण चंद्रावर शोधू नका, खेळण्यांच्या दुकानात शोधा. बंदाई या खेळण्यांच्या कंपनीला दरवर्षी नवा ब्रोच, नवी कांडी विकायची होती. क्लासचा प्रश्न काढायचाच असेल तर तिथे काढा ना, कोणाच्या घरी ती कांडी आली आणि कोणी पट्टीला चांदी चिकटवून खेळलं. त्यावर मी कोणाशीही वाद घालणार नाही.

श्रीमंत हिरोचा मुद्दा पटकन उरकते. हा हिरो म्हणजे मामोरू. तो सहा वर्षांचा असताना आईवडील कार अपघातात गेले, त्याआधीचं काही त्याला आठवत नाही, एकटा फ्लॅटमध्ये राहतो, शिकतो. अख्ख्या सिरीजमध्ये ज्याचं ट्रान्सफॉर्मेशन खरोखर उच्चभ्रू कपड्यात होतं तो हा एकटा. टक्सेडो, उंच टोपी, केप, छडी. आणि एवढा सूटबूट करून करतो काय तर गुलाब फेकतो, दोन वाक्यं बोलतो आणि निघून जातो. बाकी काम गणवेशवाल्या पोरी करतात. नंतर त्याला शत्रू पळवतात आणि उसागीच त्याला परत आणते, एकदा नाही, परत परत. श्रीमंत म्हणून कोणी हिरो हवाच असेल तर नेफ्राइट घ्या, फेरारीवाला, बिझनेसमन बनून फिरणारा, आणि तो शत्रूचा सरदार असतो. नारू त्याच्या प्रेमात पडते, आणि २४ व्या एपिसोडमध्ये तो मरतो. मी तेव्हा रडले होते आणि आत्ता लिहितानापण जरा कसंतरीच झालं.

आता रक्त. "शेवटी जन्मानेच राजकन्या निघाली, म्हणजे रक्तच महत्त्वाचं." हा मुद्दा इतरांपेक्षा जड आहे, याला टाळून चालणार नाही. ३४ व्या एपिसोडमध्ये मामोरू तिच्यासाठी जखमी होऊन पडतो, ती रडते, तिच्या अश्रूतून चांदीचा क्रिस्टल येतो आणि ती राजकन्या सेरेनिटी होते, पांढरा लांब गाऊन, कपाळावर चंद्रकोर. गणवेश गेला, राजवस्त्र आलं. थिअरीवाले इथे थांबतात, टाळ्या वाजवतात आणि घरी जातात.

पण सीझन ४६ व्या एपिसोडला संपतो. बाकी चौघीजणी आधीच मेल्यात, एकेक करून, आणि उसागी राजकन्येच्या रूपात एकटी उभी आहे, हातात असा क्रिस्टल ज्याने जगात काहीही होऊ शकतं. ती शेवटची इच्छा काय धरते? राज्य? परत चंद्रावर जायचं? नाही. परत साधी मुलगी व्हायचंय, साधं आयुष्य हवंय. तेच मिळतं. सकाळ होते, आई ओरडते, शाळेला उशीर होतो, पोरींपैकी कोणाला काही आठवत नाही, त्या पाचजणी एकमेकींना ओळखतसुद्धा नाहीत, आणि उसागी परत वाईट मार्कांचा पेपर चोळामोळा करून भिरकावते तो परत मामोरूच्या डोक्यात जाऊन बसतो. पहिल्या एपिसोडला झालं होतं तेच. म्हणजे राजकन्येने मरताना मागितलेलं स्वर्गसुख म्हणजे आईची बोलणी आणि ३० मार्क. सिंड्रेला अशी संपते का कधी?

दुसऱ्या सीझनच्या सुरुवातीला ल्युना तिची आठवण परत जागी करते तेव्हा ती खूश होत नाही हेपण लक्षात ठेवा. तिला नको असतं ते.

शिवाय या जगात राजरक्ताला काय किंमत आहे ते शत्रूंची नावं वाचून कळतं. क्वीन बेरिल. प्रिन्स डिमांड. क्वीन नेहेलेनिया. सगळे पदव्या लावून येतात, सगळ्यांना सिंहासन प्यारं. आणि चिबिउसा घ्या, ही तर भविष्यात राणी झालेल्या उसागीची सख्खी मुलगी, शंभर नंबरी राजकन्या, आणि तिला शक्तीच येत नाहीत, आई एवढी मोठी आणि मी अशी म्हणून कुढत असते, आणि त्याच दुःखातून शत्रू तिला स्वतःकडे ओढून ब्लॅक लेडी बनवतो. रक्तच सगळं असतं तर तिला हे भोगावं लागलं नसतं.

"बाकी सगळे शिपाई" याबद्दल एवढंच की मांगामध्ये त्या चौघी आपापल्या ग्रहाच्या राजकन्या आहेत, प्रत्येकीचा किल्ला आहे, नावानिशी. तरी त्या दुसऱ्या राजकन्येसाठी मरतात, जन्माने ते काम त्यांच्या वाट्याला आलंय, आणि "मला नाही व्हायचं अंगरक्षक" असं म्हणायची सोय त्यांना फारशी नाही, हे मला आधीही खटकायचं आणि अजूनही खटकतं. मैत्री आहे, प्रेम आहे, पण निवड? तिथे थिअरीवाल्यांना एक मार्क देते.

आणि खरा मुद्दा, जो मी सुरुवातीला शेवटी घेते म्हटलं होतं, तो क्रिस्टल टोकियो. तिसाव्या शतकात उसागी नियो क्वीन सेरेनिटी होते, काचेसारखा चमकणारा राजवाडा, लोक हजार हजार वर्षं जगतात, सगळीकडे शांतता. आणि ज्यांना ती शुद्ध करून घेतलेली शांतता नको होती ते नेमेसिस नावाच्या अंधाऱ्या ग्रहावर. पुढे तेच शत्रू बनून परत येतात. इथे सिरीज खरंच अडकते. जिने मरताना साधं घर मागितलं तिला शेवटी राजवाड्यातच नेऊन बसवलं, आणि त्या राज्याच्या बाहेर जे गेले त्यांची बाजू आपल्याला शत्रू म्हणूनच ऐकू येते. याला माझ्याकडे उत्तर नाही. ताकेउचीने एक दिलासा दिलाय असं म्हणता आलं असतं, पण तो अ‍ॅनिमेवाल्यांनी दिलाय बहुतेक हसवायला: एस नावाच्या तिसऱ्या सीझनमध्ये चिबिउसा भविष्यातून राणीचं पत्र घेऊन येते, आणि त्या पत्रात कांजी, म्हणजे अवघड चिनी अक्षरं, जवळपास नाहीतच, सगळं पोरं आधी शिकतात त्या सोप्या हिरागाना लिपीत, आपल्याकडे जोडाक्षरं टाळून लिहिल्यासारखं. हजार वर्षं राज्य करूनही बाईंचं शुद्धलेखन तेच. मला ते कुठल्याही मुकुटापेक्षा जास्त आवडतं, पण त्याने नेमेसिसचा प्रश्न सुटत नाही.

गेल्या दिवाळीत माझी भाची, वय वर्षे नऊ, माझ्याबरोबर हे एपिसोड बघत होती. उसागीच्या घरातला सीन आला, आई जेवण वाढतेय, शिंगो चिडवतोय, तेव्हा ती काही बोलली नाही. क्रिस्टल टोकियो आलं, तो एवढा मोठा राजवाडा, चकचकीत खांब, मोकळे हॉल. ती फराळाच्या डब्यातली चकली मोडत थोडा वेळ बघत बसली आणि म्हणाली, मावशी, इथे एवढी फरशी पुसतं कोण?

मी एपिसोड पॉज केला. आम्ही दोघींनी पुढे-मागे करून शोधलं. कोणी दिसलं नाही.